एकाच पानावर तीन सूर्य

(दृश्य: दुरेघी वहीचं एक पान. पेन्सिलीचं दाबून काढलेलं अक्षर, खोडरबरानं पडलेली भोकं.)

निवेदन:

ही वही चौथीतल्या मुलाची आहे. विषय परिसर अभ्यास. या पानावर 'सूर्य' हा शब्द तीनदा आलाय. एकदा 'सुर्य', मग 'सुयर', आणि शेवटच्या ओळीत नुसताच 'सूर'. बाजूला लाल शाईत शेरा आहे : 'लक्ष नाही. घरी सराव घ्या.'

सराव तर रोजच चालला होता. रात्री गिरवून घेतलेला शब्द सकाळी चुकायचा, आणि चुकायचा तोही नव्याच तऱ्हेनं. आई वैतागायची, मुलगा रडायचा, आजी दोघांना जेवायला हाका मारायची.

अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. बोरी नदीचं खोरं, कपाशीची शेतं. हा माहितीपट डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असलेल्या या मुलाचा आणि त्याच्या आईचा. गावाचं आणि मुलाचं नाव त्यात नाही. आईची ती एकच अट होती. तिचा स्वतःचा आवाज मात्र तुम्ही ऐकाल.

(दृश्य: बचत गटाची बैठक. आई रजिस्टरमध्ये लिहिते आहे.)

ती बारावी झालेली. गावातल्या बचत गटाची सचिव. इतिवृत्त लिहिणं, हप्त्यांचा हिशेब ठेवणं, बँकेत दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेणं, ही कामं तिच्या हाताला सवयीची. पुढं जे घडलं त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे. आईची माया, जिद्द वगैरे सगळं होतंच. ते बहुतेक आयांकडे असतं. हिच्याकडे त्याशिवाय एक फाइल होती.

शाळेत तिला पहिलं उत्तर मिळालं ते असं : 'ताई, तुम्ही घरी अहिराणी बोलता, म्हणून त्याचं शुद्धलेखन कच्चं आहे. पाचवीत जाईल तोवर सुधारेल.'

हे उत्तर ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. अहिराणीत 'डोळा' हा 'डोया' असतो, 'काळा' हा 'काया' असतो. खानदेशातलं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ नव्यानंच शिकावी लागते. त्यामुळे 'डोया' असं लिहिणारी पोरं वर्गात पुष्कळ होती. पण ती दिवाळीपर्यंत रुळली. हा रुळला नाही.

मग आईनं एक काम केलं. दोन वर्षांच्या जुन्या वह्या काढल्या आणि एका कोऱ्या रजिस्टरमध्ये दोन रकाने आखले. जी चूक घरच्या बोलीमुळे होते ती डावीकडे, जी बोलीत कुठंच बसत नाही ती उजवीकडे. डावीकडे 'डोया' आणि 'काया'. उजवीकडे 'गरम'चं 'मगर', 'भात'चं 'मात', 'दिवस'चं 'दवसि'. उजवा रकाना भरत गेला. असं कुणी तिला शिकवलं नव्हतं. पण कुठल्याही तज्ज्ञानं हे रजिस्टर पाहिलं असतं, तर पुढचा रस्ता लगेच दाखवला असता.

(दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिली जाणारी अक्षरं : र, सूर्य, चक्र, ट्रक, पोऱ्या.)

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, ती डोळ्यांसमोर नाचणं, असं आपल्याकडे बरेच जण समजतात. खरी अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते. शब्दातले आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाला त्याची खूण जोडायची, आणि हे क्षणात, विचार न करता करायचं. मेंदूचं नेमकं हेच काम काही मुलांमध्ये वेगळ्या पद्धतीनं चालतं. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता आपल्या लिपीकडे एकदा त्या मुलाच्या जागी बसून पाहा. 'दिवस' म्हणताना आधी ऐकू येतो द. कागदावर मात्र द च्या आधी वेलांटी उभी. 'सूर्य' म्हणताना र आधी, य नंतर. लिहिताना तो र, य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'चक्र'मध्ये तोच र पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये ट खाली छत्री धरतो, आणि 'पोऱ्या'मध्ये त्याचा आणखी एक अवतार. आपण हे सगळं सहा-सात वर्षांचे असताना गिळून टाकलं आणि विसरून गेलो. या मुलाला ते रोज नव्यानं सोडवावं लागतं. त्यात पहिलीपासून इंग्रजीची एबीसीडी, पाचवीत हिंदी.

(आईचा आवाज): 'मना पोऱ्याले समदं समजस. कागदवर उतरत नही, इतलंच.'

एवढं एक वाक्य ती शाळेत सांगत राहिली. आधी वर्गशिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना, मग केंद्रप्रमुखांना. तोंडी सांगून काही हलत नाही असं दिसल्यावर तिनं अर्ज दिला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही. तो अर्ज तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गट साधन केंद्रात पोचला. तिथल्या विशेष शिक्षिकेनं रजिस्टरचे दोन रकाने पाहिले आणि विचारलं, 'हे तुम्ही केलंत?'

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. त्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे ज्यात डिस्लेक्सिया मोडतो, त्यांतला एक आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखणं हे कायद्यानं शाळेचं काम आहे. इथे ते आईनं केलं. ओळखणं शाळेनं, पण ओळखायचं कसं याचं प्रशिक्षण शिक्षकांना कोण देणार, हा प्रश्न खानदेशातल्या कुठल्याही खेड्यात विचारा. दोन-दोन इयत्ता एकत्र शिकवणाऱ्या गुरुजींना दोष देऊन भागत नाही.

(दृश्य: अमळनेर रेल्वे स्टेशन. भुसावळकडे जाणारी गाडी.)

तपासणीचा प्रवास लांबचा. आधी डोळे, मग कान, कारण दिसत किंवा ऐकू येत नसेल तर वाचन तिथेच अडणार. मग बालरोगतज्ज्ञ. मग मानसशास्त्रज्ञ. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा बुद्ध्यांक 85 च्या वर असेल तर पुढची चाचणी व्हायची, ती बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेली. वय आठ पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि पुन्हा 14 व्या आणि 18 व्या वर्षी नव्यानं तपासणी. कागदावर हे चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्याला वेगळा वार, वेगळी खिडकी, आणि 'डॉक्टर आज आलेले नाहीत'. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

घरातही सरळ नव्हतं. प्रमाणपत्रावर 'दिव्यांग' हा शब्द येणार हे कळलं तेव्हा आजी बिथरली. 'आते लोके पोऱ्याले अपंग म्हनतीन ना!' आजीची भीती खोटी म्हणता येत नाही. उद्या सोयरीक जुळवताना गाव हा कागद काढेल, हे तिला पक्कं माहीत. आईनं तिच्याशी वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली की लोक आत्ताही त्याला 'ढ' म्हणतातच, आणि त्या शब्दाला सवलत मिळत नाही.

वडील मात्र या सगळ्यात गप्प. सातवीत शाळा सोडलेला माणूस. मोटर दुरुस्त करतो, ठिबकच्या नळ्यांचा हिशेब तोंडी करतो, पण सोसायटीच्या कागदावर सही करायची तर आधी बायकोकडे बघतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहज सांगितलं की डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालत येतो. बाहेर पडता पडता वडील दारातून परत फिरले आणि त्यांनी विचारलं, 'मॅडम, मोठ्या मानसाचीबी तपासनी होते का?'

त्यानंतर अमळनेर-जळगावच्या खेपा ते करू लागले.

(दृश्य: अंगण. ताटात पसरलेली बारीक रेती, त्यात बोटानं अक्षर.)

घरचा अभ्यास आता निराळा आहे. दहा वेळा लिहिणं बंद. विशेष शिक्षिकेनं दाखवलं तसं : शब्द आधी तोंडानं फोडायचा, प्रत्येक तुकड्याला टाळी, मग रेतीत बोटानं, मग वहीत. वेलांट्या एका रंगात, मात्रा दुसऱ्या रंगात. शब्द रोज मोजकेच. धडा आई मोठ्यानं वाचते, आणि तिला वेळ नसेल तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं जे काही मिळेल ते मोबाइल ऐकवतो. इतिहासाचा धडा एकदा ऐकला की तो प्रश्नांची उत्तरं नीट देतो. तोंडी.

इथं सहसा सांगितलं जातं की अशा मुलात एखादी विलक्षण कला दडलेली असते. आम्हीही कॅमेरा घेऊन शोधत होतो. त्याची चित्रं साधारण आहेत. गातो बेसूर. क्रिकेट आवडतं, शेळीचं करडू आवडतं, भरताबरोबर कळण्याची भाकरी आवडते. शिक्षणाचा हक्क मिळवायला मूल अलौकिक असावं लागत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पाचवीत शाळा बदलली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नव्या शाळेला जुन्या शाळेचा कागद माहीत नाही. तिथल्या बैठकीत जादा वेळेचा विषय निघाला, तो कसाबसा मान्य झाला. दिव्यांग परीक्षार्थींसाठी केंद्राच्या 2018 च्या सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाचं नाव काढताच मात्र एक सर म्हणाले, 'म्हणजे सवलतीच्या नावाखाली कॉपीच की!'

लेखनिक हा खालच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो, तो फक्त ऐकलेलं उतरवतो, हे आईनं सांगून पाहिलं. मग तिनं विचारलं, 'सर, आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि त्यांचे सोपानदेव उतरवून घ्यायचे. मग ती कविता कोणाची?'

कुणीतरी हसलं. जळगावच्या विद्यापीठाला आज त्याच बाईंचं नाव आहे, हे तिनं बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण पुढच्या घटक चाचणीला त्याची तीन विषयांची उत्तरं तोंडी घेतली गेली. विज्ञानात तो वर्गाच्या मधोमध कुठंतरी आला. पहिला नाही, शेवटचाही नाही. घरी त्या गुणपत्रिकेची झेरॉक्स निघाली आणि फाइलला लागली.

(दृश्य: आई, समोर फाइल. फोन वाजतो.)

मुलगा आता सातवीत आहे. वाचन हळूच आहे, आणि ते पुढेही हळूच राहील असं आईला सांगण्यात आलंय. भाषेच्या पेपरला लेखनिक मिळावा म्हणून दिलेल्या अर्जाचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. त्याच्या स्मरणपत्राचीही पोच तिच्याकडे आहे. 14 व्या वर्षीची तपासणी जवळ येते आहे आणि दहावीच्या बोर्डाला तेच प्रमाणपत्र लागणार, म्हणून तारीख तिनं आत्ताच लिहून ठेवलीय.

हा फोन धरणगाव तालुक्यातल्या एका बाईचा आहे. तिची मुलगी तिसरीत आहे, आणि तिच्याही वहीत लाल शेरे आहेत.

(आईचा आवाज): 'नाही ताई, रडू नका. आधी तिचे डोळे तपासून घ्या, मग कान. तोवर जुन्या वह्या रद्दीत घालू नका, एकही नाही. हो, पहिलीच्यासुद्धा. आणि अर्ज दोन प्रतींत लिहा. येत नसेल तर रविवारी या, मी लिहून देते. तुम्ही सांगा, मी उतरवते.'