काडी, बाटली आणि टपाल

(दृश्य: लंडनच्या हॅरोमधलं विटांचं जुनं घर. दाराच्या फटीतून टपाल आत पडतं.)

विजेचं बिल, पिझ्झावाल्याचं पत्रक आणि एक जाडसर पाकीट. मावशीनं बिल उघडलं, पत्रक कचऱ्यात टाकलं आणि पाकीट फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं. तिथं ते तीन आठवडे पडून होतं. आत काय आहे हे तिला माहीत होतं, म्हणूनच ते उघडलं गेलं नाही.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या माणसाला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, दर दोन वर्षांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं हे पाकीट न मागता पाठवते. आत बोटाएवढी बाटली, बाटलीच्या झाकणाला जोडलेली काडी आणि परतीचं पाकीट. टपालखर्चही सरकारचाच. लंडनच्या डॉलिस हिलमधल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला उभ्या राहणाऱ्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या घरी हे येऊन गेलेलं असणार. आरतीनंतर कुणी त्याबद्दल बोलत नाही, एवढंच.

बोलायचं तरी कसं? मराठीत या गोष्टीला शब्द ढीगभर आहेत. लहान मुलाची ती ‘शी’, आजी ‘परसाकडे’ जायची, वैद्यबुवा ‘मळ’ म्हणायचे आणि डॉक्टरसमोर आपण एकदम इंग्रजीत ‘मोशन’वर येतो. पण मोठ्या माणसानं मोठ्या माणसांत सहज वापरावा असा शब्द यात एकही नाही. आम्ही ‘शी’ धरलाय. जेवत असाल तर काळजी नको, या माहितीपटात ती दिसणार नाही. मावशीनं कॅमेरा बाथरूमच्या दारातच अडवला.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. बशीत खजुराचा मऊ गोळा. त्यावरून काडी फिरते.)

म्हणून हा खजूर. काडीच्या टोकाला बारीक खाचा आहेत. त्या भरल्या की झालं. जास्त घेऊन उपयोग नाही, उलट बिघडतं. काडी बाटलीत परत खोचायची, झाकण टक् आवाज येईस्तोवर दाबायचं, तारीख लिहायची. शी कमोडमधल्या पाण्यात पडण्याआधी झेलायची, ही खरी कसरत. मावशीनं त्यासाठी आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतला. ‘बारा वर्षं जपून ठेवला होता, शेवटी कामाला आला,’ ती म्हणाली.

बाटली जाते प्रयोगशाळेत आणि तिथं तिला एकच प्रश्न विचारला जातो: यात माणसाचं रक्त आहे का, आणि असेल तर किती?

डोळ्याला दिसणारं रक्त नव्हे. मोठ्या आतड्यात गाठ असेल, किंवा पुढंमागं कर्करोग होऊ शकेल असा कोंब असेल, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, तर त्यावरून शी सरकताना कधीकधी थेंबभर रक्त झिरपतं. ते मिसळून जातं. बाटलीतल्या नमुन्यावर जी चाचणी होते तिचं नाव ‘फिट’. तिच्यातली प्रतिपिंडं माणसाच्या हिमोग्लोबिनलाच चिकटतात. मटणातल्या रक्ताकडे ती ढुंकून बघत नाहीत. जठरातून आलेलं रक्तही बहुतेक वाटेतच पचून जातं. त्यामुळे सापडलं तर ते बहुधा मोठ्या आतड्यातलंच.

याच्या आधीची चाचणी इतकी चोखंदळ नव्हती. वेस्ट इंडीजकडच्या ग्वायकम नावाच्या झाडाची राळ लावलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड यायचं. त्यावर शी लावायची. प्रयोगशाळेत वरून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचे. निळं झालं तर रक्त. हे रसायन एकोणिसाव्या शतकातलं. पण रक्त माणसाचं की बोकडाचं हे त्या राळेला कळायचं नाही आणि कच्च्या मुळ्यासारख्या भाज्याही तिला चकवायच्या. तरी तिला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६ हजारांवर लोकांना घेऊन केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी हे कार्ड भरून देणाऱ्यांमध्ये आतड्याच्या कर्करोगानं होणारे मृत्यू १३ वर्षांत एक तृतीयांशानं कमी झाले होते. झाडाची राळ आणि टपालाचं पाकीट, एवढ्या भांडवलावर.

इंग्लंडनं २००६ साली याच कार्डानं सुरुवात केली. पण कार्डाला तीन वेगवेगळ्या वेळची शी लागायची आणि दर वेळी दोन ठिकाणचा नमुना. अर्धवट भरलेलं कार्ड घरात दिवसचे दिवस ठेवायचं. कोण करणार? २०१४ साली चाळीस हजारांवर लोकांना कार्डाऐवजी ही एकदाच वापरायची काडी पाठवून बघितली. पाकीट परत करणाऱ्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांवरून ६६ वर गेलं. लोक तेच, लाज तीच, भीतीही तीच. फक्त तीनदाऐवजी एकदा. जून २०१९ पासून इंग्लंडभर काडी आली. जपानमध्ये मात्र या जातीची चाचणी १९९२ पासूनच देशभर चालू आहे, वयाच्या चाळिशीपासून, आणि तिथं दोन दिवसांचे दोन नमुने मागतात.

(दृश्य: कागदावर एक उभी रेष. तिच्यावर तीन खुणा: १०, ८०, १२०.)

आता या तीन आकड्यांकडे नीट बघा. या विषयात आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते यांनी.

एक ग्रॅम शीमध्ये किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे, हे यंत्र सांगतं. काळजी कितीला करायची, हे यंत्र सांगत नाही. स्कॉटलंडनं २०१७ साली काडी आणली तेव्हा रेष ८० वर मारली. इंग्लंडनं २०१९ साली १२० वर. म्हणजे समजा मावशीचा आकडा ९५ आला असता. तर तेव्हाच्या नियमानं हॅरोत तिला ‘सध्या पुढची तपासणी नको’ असं पत्र आलं असतं, आणि एडिंबरात ‘दुर्बिणीतून तपासणीसाठी या’ असं. आतडं तेच, शी तीच. आणि मावशी पोटदुखी किंवा बदललेल्या शौचाच्या सवयीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेली असती, तर त्यांनी हीच काडी दिली असती आणि रेष धरली असती १० वर.

असं का? कारण प्रश्न सगळीकडे एकच नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसात काही सुटू नये, म्हणून रेष खाली. काहीच तक्रार नसलेल्या लाखो लोकांना गाळून घ्यायचं, तर रेष वर, कारण रेषेपलीकडच्या प्रत्येकाला कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, द्यावी लागते. त्यासाठी खोली लागते, दुर्बीण लागते, ती चालवणारे हात लागतात. ८० की १२० याचं उत्तर शीत कमी आणि त्या खोल्यांच्या वेळापत्रकात जास्त आहे.

इंग्लंडच्या १२० च्या रेषेनं शंभरातल्या साधारण दोघांना पुढं बोलावणं येतं. त्यातल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. कुणाला पॉलिप निघतो, तो तिथल्या तिथं काढता येतो. कुणाची नुसती मूळव्याध असते.

मूळव्याध. काका याच शब्दाची वाट बघत होते. मावशीचे यजमान, वय ७१. त्यांचंही पाकीट आलंय, त्याच फ्रिजवर होतं. ‘माझी जुनी मूळव्याध आहे, त्यामुळे माझी शी तपासण्यात अर्थ नाही, रक्त येणारच.’ बोलणं अगदी तर्काला धरून वाटतं. पण मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होत नाही असा काही नियम नाही. आणि डोळ्याला रक्त दिसत असेल तर टपालाची वाटच बघायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. ही काडी ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठी आहे. तिचीही चूक होते बरं का. गाठ रोज रक्त सोडत नाही. आज बाटली कोरी निघाली म्हणजे आतडं निर्धास्त असं नाही, म्हणून तर दर दोन वर्षांनी पाकीट.

(दृश्य: पुणे. पॅथॉलॉजी लॅबची खिडकी. काळ्या पिशवीत काहीतरी घेऊन उभा असलेला माणूस.)

आपल्याकडे शी तपासायची म्हणजे ‘स्टूल रुटीन’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन शब्द, लॅबमधून मिळालेली चमचावाली डबी, भारतीय बैठकीच्या संडासात पसरलेलं वर्तमानपत्र आणि काळी पिशवी. लॅबवाले मुख्यतः शोधतात अमीबा, जिआर्डिया, जंतांची अंडी. त्यामागची कल्पना तर फार जुनी. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या बरोबरीनं मळ आहेच, आणि तो पाण्यात टाकला तर बुडतो की तरंगतो यावरून अन्न पचलं का ते ठरवायची रीत चरकसंहितेत आहे. घरच्या घरी, डबीशिवाय.

आतड्याच्या कर्करोगासाठी घरोघर काडी पाठवण्याची सरकारी योजना भारतात नाही. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग येतात. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आतड्याचा आपल्याकडे कमी, हे त्यामागचं एक कारण. आता ऑनलाइन मागवता येणारे संच आलेत. पण मावशीच्या पाकिटामागं नर्सचा फोन, दुर्बिणीची तारीख, सगळं आधीच उभं आहे. इथं संच मागवणाऱ्यानं ‘पॉझिटिव्ह’ वाचून पुढं कुणाकडे जायचं, हे त्याचं त्यानं बघायचं.

आणि ऑनलाइन जे जास्त खपतं ते हे नव्हेच. खपते ती ‘गट हेल्थ’, म्हणजे शीतून पोटातले जिवाणू तपासणारी चाचणी.

आमच्या टीममधल्या एकानं असा एक संच मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही. पोट नीट साफ होत नाही, एवढीच त्याची तक्रार, जी निम्म्या महाराष्ट्राची आहे आणि जिच्यावर इसबगोल, त्रिफळा आणि आजीचं एरंडेल पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. चाळीसेक पानांचा रंगीत अहवाल आला. शंभरपैकी गुण. लाल, पिवळे, हिरवे जिवाणू. शेवटच्या पानावर याच कंपनीच्या प्रोबायोटिक पुड्या. तो अहवाल घेऊन डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी चाळला आणि विचारलं, ‘पाणी किती पितोस?’

शास्त्र खोटं आहे का? अजिबात नाही. माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, हा इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मांडलेला २०१६ चा अंदाज. सगळ्यांचं मिळून वजन साधारण २०० ग्रॅम. त्यांच्या १६एस नावाच्या जनुकाचा तुकडा वाचून कोण कुठल्या कुळातलं ते ओळखता येतं. घोडं पुढं अडतं. आकडे येतात ते टक्केवारीत. एकाची टक्केवारी वाढली की दुसऱ्याची आपोआप घटते, मग तो दुसरा होता तेवढाच का असेना. बाटलीत टिकवणारं द्रव्य नसेल तर काही जिवाणू टपालाच्या प्रवासातच वाढतात. लोकांच्या पोटातल्या जिवाणूंची नोंद करणाऱ्या, २०१२ साली सुरू झालेल्या अमेरिकन गट प्रोजेक्टला हे प्रवासात वाढलेले प्रवासी नंतर हिशेबातून वजा करावे लागले.

आणि ‘चांगलं’ म्हणायचं कुणाला? भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी पोटांत प्रीव्होटेला या कुळाचं राज्य निघालं. अमेरिकी पोटांत बहुतेकदा बॅक्टेरॉइड्स या दुसऱ्या कुळाचं वजन असतं. तिकडच्या मापानं इकडचं पोट मोजलं तर निरोगी माणूसही लाल रंगात जायचा. पुण्यात आघारकर संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी माणसाच्या शीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचं नावच २०१४ साली ‘मेगास्फेरा इंडिका’ ठेवलं गेलं. त्याला तुमच्या अहवालात कुठला रंग मिळेल?

अमेरिकेची मोजमाप संस्था एनआयएसटी हिनं घोटून एकजीव केलेली एकच शी सात कंपन्यांना पाठवून पाहिली. अहवाल एकमेकांशी जुळेनात. २०२५ मध्ये या संस्थेनं प्रमाण म्हणून वापरायची शीच विकायला काढली: गोठवलेल्या आठ कुप्या, चार शाकाहाऱ्यांच्या, चार मिश्राहाऱ्यांच्या. किलोचं वजन असतं ना, तसं हे शीचं. हसू येतं, पण या धंद्यात अजून वजनमापंच ठरायची होती, हे त्यातून कळतं. त्याआधी २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या यूबायोम या जिवाणू-चाचणी विकणाऱ्या कंपनीवर एफबीआयचा छापा पडला होता. विमा कंपन्यांकडे ३० कोटी डॉलरहून जास्त रकमेचे दावे लावल्याचा उल्लेख पुढं २०२१ च्या फसवणुकीच्या आरोपपत्रात आला. कंपनी तोवर बुडाली होती.

मधली एक चाचणी सांगायची राहिली, कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला खरी सूज असेल तर पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन शीत वाढतं. महिनोन् महिने जुलाब होणाऱ्याला नुसता ‘आयबीएस’, म्हणजे सूज नसलेला पोटाचा त्रास, आहे की आतडं सुजवणारा क्रोन्ससारखा आजार, हे वेगळं काढायला डॉक्टर ती सांगतात. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यानं घरी वाचता येणारे तिचे संचही आहेत. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही आकडा चढतो, तेव्हा आधी ते सांगायचं.

(दृश्य: पुन्हा हॅरो. फ्रिजचं डोकं रिकामं.)

मावशीनं चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी, पाकीट कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. टाकताना इकडंतिकडं बघितलं. दोनेक आठवड्यांत पत्र आलं: सध्या पुढची तपासणी नको. ते तिनं विजेच्या बिलांच्या फाइलीत लावलं.

काकांचं पाकीट तिनं फ्रिजवरून काढून बाथरूमच्या खिडकीत ठेवलंय, त्यांच्या चष्म्याच्या घरावर. रोज सकाळी चष्मा घ्यायचा तर ते आधी उचलावं लागतं. आम्ही निघालो त्या दिवशीपर्यंत काका रोज ते उचलून बाजूला ठेवत होते, आणि मावशी रोज परत चष्म्यावर.