रायफल कुणाची, हे कसं ठरतं?

मंडळी, जिम कॉर्बेट कोण हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. त्याच्या नरभक्षकांच्या गोष्टी आपण अनुवादातून वाचल्या आणि मग अंधारात परसात जायला घाबरलो. विषय आहे सफारीवरच्या नामांकित शिकाऱ्यांच्या रायफली आणि त्या जमवणारे लोक. हा छंद मुख्यतः आफ्रिकेच्या शिकारीभोवती आणि इंग्लंड-अमेरिकेत वाढला. तरी मी सुरुवात कुमाऊंपासून करणार आहे, कारण या छंदातलं जे काही मोलाचं आहे ते कॉर्बेटच्या दोन रायफलींमध्ये सापडतं. आणि आफ्रिकेशी त्याचं नातं होतंच. १९४७ मध्ये तो केनियात न्येरीला गेला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला.

पहिली रायफल लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची रुंदी, साधारण इंचांत), बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने खिट्टी मागेपुढे करायची. चंपावतच्या वाघिणीने ४३६ बळी घेतल्याचं सांगतात. १९०७ मध्ये कॉर्बेटने तिला मारलं, तेव्हा संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ही रायफल त्याला भेट दिली. तिच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावर, चांदीची एक लंबगोल पट्टी बसवलेली आहे. कुणी दिली, कुणाला दिली, कशाबद्दल दिली आणि चंपावत, १९०७, असं सगळं त्या पट्टीवर कोरलंय. कॉर्बेटचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आपल्या मुंबईतून छापलं, आणि ही रायफलही पुढे याच प्रकाशनसंस्थेकडे गेली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. पुढच्याच वर्षी ती काही दिवसांसाठी भारतातही आणली होती.

दुसरी रायफल डब्ल्यू. जे. जेफरी कंपनीची जोडनळी, म्हणजे दोन नळ्यांची, .४५०/४०० बोअरची, जड. ही फिरत फिरत अमेरिकेत एल्मर कीथकडे पोचली. कीथ हा आयडाहोतला, बंदुकांवर लिहिणारा मोठा लेखक. तो १९८४ मध्ये गेला आणि मार्च २०१५ मध्ये त्याचा संग्रह लिलावात निघाला. त्या लिलावात कॉर्बेटच्या या जोडनळीला २ लाख ६४ हजार ५०० डॉलर आले. त्याच कारखान्याची, त्याच काळातली, पण कुणा अनोळखी माणसाची जोडनळी याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. लोखंड तेच, अक्रोडाचं लाकूड तेच. वरचे सगळे पैसे एका नावाचे.

नावाला एवढे पैसे पडतात म्हटल्यावर खोटं नाव चिकटवणारेही येणारच. दस्त्यावर आद्याक्षरं कोरायला कसबी कारागिराला एक दुपार पुरते. जुनी पेटी एकीकडून आणायची, रायफल दुसरीकडून, आणि ‘अमक्या साहेबाने आजोबांना दिली होती’ ही गोष्ट तिसरीकडून. शिकाऱ्याचं नाव जितकं मोठं, तितकी शंका जास्त घ्यायची, हा संग्राहकाचा पहिला धडा. विकणारा सज्जन असला तरी घ्यायची, कारण घरात तीन पिढ्या सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याला मनापासून खरी वाटत असते.

मग पुरावा कुठे शोधायचा? सगळ्यात आधी कारखान्याच्या वह्यांत. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे बनवलेल्या बंदुकांच्या जुन्या वह्या आहेत. क्रमांक कळवला तर त्या क्रमांकापुढची नोंद मिळते: बोअर कोणता, नळी किती इंच, गिऱ्हाईक कोण, माल कधी गेला. सारी नोंद एका ओळीची, कारकुनाच्या तिरप्या अक्षरातली. त्यात शौर्याबद्दल एक शब्द नसतो, म्हणूनच माझा त्या ओळीवर भरवसा आहे. ती लिहिणाऱ्या कारकुनाला हा गिऱ्हाईक पुढे प्रसिद्ध होणार आहे, याची कल्पनाच नव्हती.

पण वही एकटी पुरत नाही, हे अर्नेस्ट हेमिंग्वेच्या .५७७ वरून लक्षात येतं. वेस्टली रिचर्ड्सची ही अजस्र जोडनळी पहिल्या महायुद्धाच्या आधी एका ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी बनली होती. नंतर ती विन्स्टन गेस्टकडे आली आणि त्याने ती आपल्या मित्राला, म्हणजे हेमिंग्वेला दिली. वहीत सापडतो तो पहिला मालक. तिथून हेमिंग्वेपर्यंतची साखळी पत्रांनी, फोटोंनी, जवळच्यांच्या साक्षीने एकेक कडी जोडत सिद्ध करावी लागते. २०११ मध्ये ती ३ लाख ३९ हजार २५० डॉलरना गेली, ती साखळी पक्की होती म्हणून. एखादी कडी निसटली असती तर ती फक्त एक मोठी जुनी रायफल ठरली असती.

करामोजो बेलच्या बाबतीत आणखी वेगळा पेच आहे. वॉल्टर बेल स्कॉटलंडचा. युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागावरून त्याला हे नाव पडलं. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक .२७५ सारख्या बारीक बोअरने. हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. गोळी अचूक जागी गेली तर ती जाड असण्याची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. हजार हत्ती हा आकडा आज वाचवत नाही. मला तरी तो वाचताना थांबावं लागतं. पण रायफलींच्या इतिहासात बेलला वगळता येत नाही. तर पेच असा की रिग्बीकडून त्याने .२७५ एकच घेतली नव्हती. त्यामुळे कुणी ‘बेलची रायफल’ म्हणून काही पुढे केलं की विचारायचं, यातली कोणती? कोणत्या सालची? ती करामोजात गेली होती की स्कॉटलंडमध्ये हरणं मारायला ठेवली होती? मालकी सिद्ध झाली म्हणजे वापर सिद्ध झाला असं होत नाही. बेलच्या रायफलींपैकी एक रॉबर्ट रुआर्क या अमेरिकन लेखकाने विकत घेऊन पूर्व आफ्रिकेतला सफारीचा शिकारी हॅरी सेल्बी याच्या मुलाला दिली. हा मुलगा रुआर्कचा धर्मपुत्र होता.

आता वस्तूकडेच वळतो, कारण कागदाइतकीच ती स्वतःही बोलते. लंडनच्या चांगल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या रायफलीच्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेत, नळीला समांतर असतात. कारागीर तेवढ्यासाठी एकेक स्क्रू त्याच्या जागी घासून बसवतो. खाच तिरकी दिसली, तिच्या कडा खरचटलेल्या दिसल्या, की समजायचं, कुणीतरी आत हात घातला आहे. मग प्रूफचे ठसे पाहायचे. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचा बार काढून नळी पारखतात आणि मगच ठसा मारतात. नळी बदलली तर पुन्हा पारख आणि पुन्हा ठसा. नावाजलेल्या शिकाऱ्याची म्हणून आलेल्या रायफलीवर त्याच्या मृत्यूनंतरच्या काळातला ठसा निघाला, तर त्याने झाडलेली नळी ही नव्हे.

आणि झीज. आफ्रिकेत रायफल खांद्यावर आडवी टाकून चालतात, दस्ता पाठीमागे आणि नळीचं तोंड पुढे. पुढचा हात नळीवर. मैलोन्‌मैल तसं चालल्यावर नळीच्या पुढच्या भागावरचा निळसर काळा रंग घामाने उडतो आणि खाली पांढरं पोलाद दिसायला लागतं. दस्त्याच्या मानेवरची खवल्यांची नक्षी गुळगुळीत होते. दस्त्याला तडा गेला तर रानात जे हाताशी असेल त्याने तो बांधतात, तार किंवा ओलं कातडं. कातडं सुकलं की आवळतं आणि तडा धरून ठेवतं. हे सगळं एखाद्या उत्साही मालकाने पॉलिश करून, नवा रंग चढवून, ‘नव्यासारखं’ करून टाकलं की मला खरंच वाईट वाटतं. त्याने रायफल साफ केली नाही, तिची जबानी पुसली.

नळीवरची ती पांढरी जागा बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या हाताची नसते. जड रायफल दिवसभर वाहायचं काम दुसऱ्याचं असायचं. तो स्थानिक माणूस, मागून चालणारा, हत्ती अंगावर आला तरी पळून न जाता भरलेली दुसरी रायफल पुढे करणारा. त्याचं नाव ना पट्टीवर असतं ना वहीत. त्याची जी खूण उरली आहे ती ही झीज, आणि संग्रह करणाऱ्याने निदान तेवढी तरी राखली पाहिजे.

रायफल काय सांगू शकते याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण पुन्हा कॉर्बेटचंच. एप्रिल १९३०, कुमाऊंतली चौगडची नरभक्षक वाघीण. कोरड्या नाल्यातून उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी मिळाली. त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचा नाद होता, म्हणून त्याने ती डाव्या हातात शेवाळात धरली. एका मोठ्या शिळेला वळसा घातला आणि मागे पाहिलं तर वाघीण आठ फुटांवर त्याच्याकडे बघत होती. रायफल उजव्या हातात, छातीवर तिरकी, नळीचं तोंड भलतीकडे. एकाच हाताने, वाघिणीला हालचाल जाणवू नये इतक्या सावकाश, त्याने ती तीन-चतुर्थांश वर्तुळातून फिरवली आणि बार काढला. पुढे त्याने स्वतः लिहून ठेवलंय की हातातली अंडी आणि हलकी रायफल, या अडचणी वाटणाऱ्या गोष्टींनीच त्याला वाचवलं. हातात अंडी होती म्हणून त्याने झटकन वळून बार काढायचा प्रयत्न केला नाही, आणि रायफल हलकी होती म्हणून ती एका हाताने फिरली. त्या दिवशी जड जोडनळी असती तर हे शक्य नव्हतं. अंडी त्याने परत नेऊन जागेवर ठेवली.

आता त्या दोन रायफली शेजारी ठेवून पाहा. लिलावात मोठी रक्कम आली ती जेफरीला. चौगडच्या नाल्यात होती ती हलकी .२७५. दोन्ही हातात घेऊन त्यांच्या वजनातला फरक जाणवला की ते पान नव्याने वाचल्यासारखं होतं. अशा रायफली जपायच्या त्या यासाठी. पुस्तकात लिहिलेलं खरं की नाही, हे वस्तूला विचारता येतं.

आपल्या देशाने या रायफलींवर आणखी एका मार्गाने छाप पाडली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. लष्कराच्या .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि त्यांना गोळ्या मिळू नयेत हा हेतू. लंडनच्या कारखानदारांचं मोठं गिऱ्हाईक इथे होतं, तेव्हा त्यांनी झटपट नवे बोअर काढले: .४७०, .५००/४६५, .४७५. पुढची कित्येक दशकं पूर्व आफ्रिकेत सफारीचे शिकारी .४७० घेऊन फिरले, तो बोअर हिंदुस्थानातल्या बंदीमुळे जन्मला होता.

हॅरी सेल्बीकडेही .४७०च होती. १९४९ मध्ये ती गाडीखाली सापडून चिरडली. त्याने नैरोबीतल्या मे अँड कंपनीच्या दुकानातून मिळाली ती घेतली, .४१६ रिग्बी, बोल्ट-अ‍ॅक्शन. पुढे त्याच रायफलीने त्याने बहुतेक सफारी केल्या. रुआर्कने सेल्बीबद्दल लिहिलं आणि .४१६ बोअर जगप्रसिद्ध झाला. सेल्बी २०१८ मध्ये गेला.

अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याचं थोडक्यात सांगतो. १९०९ च्या सफारीसाठी इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक चाहत्यांनी त्याला हॉलंड अँड हॉलंडची .५००/४५० जोडनळी भेट दिली. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव वनं करून प्राण्यांच्या जाती वाचवल्याबद्दल ही भेट आहे, असं देणाऱ्यांनी नमूद केलं होतं. आज ती केंटकीत लुइव्हिलच्या फ्रेझर संग्रहालयात कुणालाही पाहता येते. त्याच सफारीवर नेलेली त्याची फॉक्स कंपनीची दुनळी छऱ्याची बंदूक २०१० मध्ये ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरना विकली गेली.

मला नेहमी विचारतात, शिकारीला विरोध असताना या रायफली कशा जपता? माझं उत्तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली, ते उत्तम झालं. पण किती प्राणी मारले, कुणी मारले आणि कशाने मारले, याचा पुरावाही सोबत नष्ट करायचं कारण नाही.

आणि तो पुरावा महाराष्ट्रात रोज नष्ट होतो आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात छत्रपतींच्या शिकारीच्या वस्तू नीट मांडलेल्या आहेत. पण जुन्या इनामदार-सरदार घराण्यांतल्या, वकील-डॉक्टरांच्या घरांतल्या रायफलींचं तसं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली शस्त्रंही याच दोनच्या मर्यादेत. तेव्हा आजोबांची रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते आणि तिच्याबरोबर तिची सगळी माहिती जाते. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशी पाठवता येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून ज्यांच्या घरी अशी रायफल आहे त्यांना एवढंच सांगतो. जमा करण्याआधी कारखान्याचं नाव आणि क्रमांक उतरवून घ्या. क्रमांक नळीवर असतो, ट्रिगर-गार्डवरही सापडतो. स्क्रू उघडू नका, तेल लावून चमकवू नका. दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढा, प्रत्येक ठशाचा आणि झिजलेल्या जागेचा जवळून. जुनी परवान्याची वही, काडतुसांच्या पावत्या, शिकारीचे फोटो एका पाकिटात ठेवा आणि फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहा. रायफल घेऊन आजोबांच्या मागे कोण चालायचं, हे घरातल्या जुन्या माणसाला आजच विचारा आणि तेही नाव त्याच पाकिटात टाका. मग कारखान्याला पत्र लिहा. यातल्या काही कंपन्या अजून चालू आहेत आणि त्यांच्या वह्या शाबूत आहेत.