शिधापत्रिकेचे शिबिर वाडीवर कधी यावे?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी आटोपली की रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. मुलाबाळांसह, कोंबड्यांसह कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत शासनाने वाडीवर शिधापत्रिकेचे शिबिर भरवले, तर अर्ज भरायला तिथे असते कोण? घर राखायला मागे राहिलेली म्हातारी माणसे. त्यांच्याकडे ना सुनेचे आधार कार्ड असते, ना नातवाचा जन्मदाखला. शिबिर झाल्याची नोंद कागदावर होते, आणि ज्यांच्यासाठी ते भरवले त्यांचे नाव कुठेच चढत नाही.

हक्काविषयी संदिग्धता मुळीच नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाप्रमाणे अंत्योदय, म्हणजे गरिबांतल्या गरीब कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य, म्हणजे त्याखालोखालच्या गरजू कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासारख्या आदिम जमातींना अंत्योदयचे कार्ड द्यावे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितले आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये या जमातींसाठी पीएम-जनमन अभियान सुरू झाले आणि आधार, जातीचा दाखला, शिधापत्रिका अशी कामे वाडीवर जाऊन करण्याचे प्रयत्न झाले. हे पाऊल योग्यच आहे, असे मी मनापासून मानतो.

तरीही अडते कुठे, ते अशाच एका शिबिरात मी जवळून पाहिले. एक तरुण बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कागद घेऊन सकाळपासून रांगेत उभी होती. सासरच्या कार्डावर तिचे नाव घालायचे होते. पण माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला तिच्याजवळ नव्हता. माहेर दुसऱ्या तालुक्यात, म्हणजे जाण्यायेण्यात एक दिवसाची मजुरी बुडणार, आणि तिथला कारकून जागेवर भेटला नाही तर दोन दिवसांची. तिच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांजवळ कार्ड होते, पण ते ‘ऑनलाइन झालेले’ नव्हते, म्हणून दुकानातल्या यंत्रावर त्यांचे नावच येत नव्हते. दोघांनाही ‘पुन्हा या’ असे सांगण्यात आले. कोणते कागद लागतील, हे शिबिराच्या आठ दिवस आधी आशाताईंनी किंवा कोतवालाने घरोघर जाऊन सांगितले असते, तर त्या बाईंचा दिवस वाया गेला नसता. माझ्या मते दवंडीचे हे काम मंडपाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

अर्ज देणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती. अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती पोचच तुमच्या बाजूने बोलते. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असे कायदाच सांगतो. विटा थापून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्रावर अंगठा उठत नाही. तेवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याचे धान्य नाकारता येत नाही. दुकानदाराने परत पाठवलेच, तर 1967 या क्रमांकावर किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार नोंदवा.

भट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, कार्ड गावचे असले तरी धान्य कामाच्या ठिकाणच्या रास्त भाव दुकानातून घेता येते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट 2019 मध्येच सुरू झाली आणि आता ती देशभर आहे. काही धान्य भट्टीजवळ आणि उरलेले गावी म्हाताऱ्या आईवडिलांनी, असेही घेता येते. मात्र त्यासाठी प्रत्येकाचे नाव आधारसह कार्डावर चढलेले असले पाहिजे, आणि ते काम वाडी सोडण्यापूर्वीच व्हायला हवे.

म्हणूनच सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि तलाठी या नात्याने जे कोणी हे भाषण ऐकत असतील, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या गावातून कोणती कुटुंबे साधारण कोणत्या आठवड्यात बाहेर पडतात, याची यादी पोळ्याच्या सुमारास करा, ती तहसीलदारांना लेखी द्या आणि शिबिराची तारीख त्या यादीवरून ठरवून घ्या. वेळही संध्याकाळची मागा, कारण दिवसा ही माणसे मजुरीवर असतात.