बंदिवान ऐकत होते

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाची हकिकत आहे. येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौल आणि सीला या दोघांना लोकांदेखत फटके मारून अगदी आतल्या कोठडीत टाकलंय. पाय खोड्यात अडकवलेत. मध्यरात्रीच्या सुमाराला दोघं प्रार्थना करत होते, देवाची स्तुती गात होते. आणि हे पुस्तक लिहिणारा लूक तिथं एक छोटंसं वाक्य लिहून ठेवतो: बंदिवान त्यांचं ऐकत होते.

ती गाणी बंदिवानांसाठी नव्हती, देवासाठी होती. पाठीवरच्या जखमा ओल्या असताना ते काही कुणाला उपदेश करायला बसले नव्हते. पण आसपासच्या अंधारात माणसं जागी होती. पुढं भूकंप झाला, दारं उघडली, सगळ्यांची बंधनं सुटली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला वाटलं, कैदी पळाले. त्यानं स्वतःचा जीव द्यायला तलवार उपसली. तेव्हा पौल मोठ्यानं ओरडला, ‘स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत!’

सगळे. पौल आणि सीला थांबले, हे समजू शकतं. पण बाकीचे का थांबले? दार सताड उघडं, बेड्या गळून पडलेल्या, रात्रीची वेळ. शास्त्र त्याचं कारण सांगत नाही. मला मात्र मनापासून वाटतं, की त्या माणसांनी रात्रभर जे ऐकलं होतं, त्यानंच त्यांचे पाय धरून ठेवले.

आज मला एवढंच बोलायचंय. आपण ज्याच्याशी बोलतो तो तर ऐकतोच. पण त्याच्या शेजारी जो उभा असतो, ज्याच्याकडं आपलं लक्षही नसतं, तो जास्त ऐकतो. ज्याच्याशी आपण बोलतो त्याला उत्तर शोधायचं असतं, स्वतःची बाजू सांभाळायची असते. बाजूच्याला तसलं काही नसतं. तो फक्त बघतो, की हा माणूस कसा आहे.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये मी हे घडताना पाहिलंय. लेथवर नवीन लागलेला पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याच्या हातून जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडला. व्हर्नियर लावून माप बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला, कारण माल जास्त कापला गेला की परत चिकटवता येत नाही. आजूबाजूच्या चार मशीनवरचे हात मंदावले. कुणी मान वळवली नाही, पण सगळ्यांचे कान तिकडं. अशा वेळी आपल्याकडं काय ऐकायला मिळतं, ते मी सांगायला नको. आईबापापासून सुरुवात होते. पण तिथले मिस्त्री आले, बिघडलेला जॉब हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘मशीन बंद कर. घाबरू नगंस. शेवटचा कट किती घेतलास, सांग बघू.’ पोरगा सांगायला लागला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चूक दाखवली, नवीन जॉब लावायला सांगितला. झालेलं नुकसान वहीत लिहिलं. लपवलं नाही.

त्या पोराला धीर आला, ते तर झालंच. पण त्या दिवशी खरं शिकली ती बाकीची चार जणं. आपल्या हातून काही बिघडलं तर ते लपवायचं नाही, सांगायचं. सांगितलं तर इथं कुणी आपल्याला माणसातून उठवणार नाही, हे त्यांना कळलं. हे त्यांना कुठल्या पाटीवर लिहून समजलं नसतं.

आता आपल्या कोल्हापूरच्या बोलण्याबद्दल. आपली भाषा रांगडी. पुण्यामुंबईत आपण तोंड उघडलं की समोरचा विचारतो, कोल्हापूरचे का? येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही असंच झालं होतं. महायाजकाच्या वाड्यातल्या अंगणात, येशूला आत धरून नेलेलं असताना, लोक पेत्राला म्हणाले, तू त्यांच्यातलाच आहेस, तुझ्या बोलीवरून कळतंय. बोली गालीलची होती. ती लपत नव्हती, आणि ती लपवायची गरजही नव्हती. देवाला पेत्राची गावरान बोली कधीच खटकली नाही. पुढं येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी त्याच तोंडानं त्यानं हजारोंना सुवार्ता सांगितली. अंगणात चूक झाली ती बोलीची नव्हती. ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असं तो शापशपथा वाहून म्हणाला, आणि ते ऐकायला तिथं दासी आणि नोकरचाकर उभे होते.

म्हणून मी आपल्या रांगडेपणाला नावं ठेवत नाही. ‘काय भावा, कुठं हाईस?’ या हाकेत जेवढी माया आहे, तेवढी पुष्कळ गोड बोलणाऱ्यांच्या बोलण्यात नसते. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं बोट ठेवलं ते दुसऱ्या गोष्टीवर. भावाला ‘अरे वेडगळा’, ‘अरे मूर्खा’ म्हणून तुच्छ लेखणं, हे त्यानं खुनाच्या शेजारी नेऊन बसवलं. आवाज मोठा असू दे, शब्द ओबडधोबड असू देत. त्यात समोरच्याबद्दल तुच्छता आहे का, हे बघायचं. आणि तुच्छता अगदी शुद्ध, गोड, प्रमाण मराठीतसुद्धा करता येते. घरी कामाला येणाऱ्या मावशींना अहोजाहो करून त्यांचा कप मात्र वेगळा ठेवणारी घरं आहेतच की. त्यात ख्रिस्ती घरंही आहेत, हे सांगताना मला वाईट वाटतं.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून इथं शाळा झाल्या, दवाखाने झाले, मंडळ्या उभ्या राहिल्या. तरीही या शहरात आपण ख्रिस्ती लोक मूठभरच. आपले बहुतेक शेजारी शुभवर्तमानाचं पुस्तक उघडून वाचणार नाहीत, आणि तशी त्यांच्यावर सक्तीही नाही. ते आपल्याला वाचतात. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, की तुम्हीच आमचं पत्र आहात, सर्व माणसांनी वाचलेलं. हे पत्र लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाव करताना वाचलं जातं, केएमटी बसच्या गर्दीत सीटवरून वाद होतो तेव्हा वाचलं जातं, पार्किंगवरून शेजाऱ्याशी तोंड लागतं तेव्हा तर मोठ्यानं वाचलं जातं.

आणि घरातले वाचक सगळ्यांत बारीक वाचतात. रविवारची उपासना संपते. नवरा-बायको स्कूटरवरून घरी निघतात, मध्ये सात-आठ वर्षांचं लेकरू. ‘आज पाळकसाहेबांनी किती लांबवलं!’ ‘आणि ती बघितलीस का, गाणं म्हणताना कशी करत होती?’ ‘त्यांचा मुलगा म्हणे...’ रंकाळा यायच्या आत अर्ध्या मंडळीचा हिशोब झालेला असतो. मूल काही बोलत नाही. पण संडेस्कूलमध्ये पाठ केलेलं वचन आणि स्कूटरवर ऐकलेलं बोलणं, ही दोन्ही त्याच्या मनात शेजारी शेजारी जाऊन बसतात, आणि मोठेपणी आपण म्हणतो, पोरगं देवळात यायला का कां कू करतं कुणास ठाऊक!

नुसत्या शब्दांबद्दल बोलून भागणार नाही, कृतीचंही हेच आहे. कोल्हापुरात तर याचा असा दाखला आहे, की तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो, आणि म्हणूनच आपण त्यावर थांबून विचार करत नाही. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना आधार देऊन स्वतःचं हॉटेल काढायला सांगितलं. हॉटेल निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवू लागले, चहा मागवून पिऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागला.

१९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी राखीव जागांचा हुकूम काढणारा हा राजा. हुकूम काढायची ताकद त्याच्याकडं होतीच, पण इथं त्यानं कप हातात घेतला. तो चहा गंगारामांसाठी जेवढा होता, तेवढाच तो रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्यांसाठीही होता. महाराजांची त्यामागची प्रेरणा त्यांची स्वतःची होती, तिला मी ख्रिस्ती नाव देणार नाही. पण ही हकिकत ऐकली की मला योहानाच्या शुभवर्तमानातली, सूखार गावाबाहेरची विहीर आठवल्याशिवाय राहत नाही.

भर दुपार. येशू प्रवासानं थकून विहिरीपाशी बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तो तिला म्हणतो, ‘मला प्यायला दे.’ ती चकित होऊन विचारते, तुम्ही यहूदी असून माझ्याकडं पाणी कसं मागता? ज्याच्याकडं जिवंत पाणी आहे, तो आधी तिच्या हातचं पाणी मागतो! पुढचा सगळा संवाद, देवाची उपासना कुठं करायची, ख्रिस्त कोण, हे सगळं त्या मागण्यानंतर येतं. तिच्याकडं पाणी न मागता त्यानं नुसता उपदेश केला असता, तर ती घागर भरून घरी गेली असती. आणि इथंही बघणारे आहेतच. शिष्य गावातून अन्न विकत घेऊन परत येतात, तो बाईशी बोलतोय हे बघून त्यांना आश्चर्य वाटतं, पण कुणी तोंडातून शब्द काढत नाही. पुढं त्याच शिष्यांना शोमरोनात सुवार्ता घेऊन जायचं होतं.

ही गोष्ट जवळजवळ अठराशे वर्षांनी आपल्या मराठी मुलखातल्या एका बाईपर्यंत पोचली. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनमधल्या फुलहॅम इथं त्यांनी ख्रिस्ती भगिनींचं काम पाहिलं. समाजानं ज्यांना पतित ठरवून टाकून दिलं होतं, अशा बायकांची तिथं प्रेमानं काळजी घेतली जात होती. रमाबाईंनी शास्त्रं पुराणं कोळून प्यायली होती, पण अशा बायकांना असं वागवलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्यासाठी हे का करता? तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली ही शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, त्यात अशाच बायकांसाठी कृपासदन झालं.

त्या फुलहॅमच्या भगिनी काही रमाबाईंना दाखवण्यासाठी कुणाच्या जखमा धूत नव्हत्या. ते काम त्या बायकांसाठी चाललेलं होतं. रमाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांनी कारण विचारलं म्हणून शब्द आले. आपलं बहुतेक वेळा उलटं होतं. कुणी विचारायच्या आधीच आपले शब्द तयार असतात, आणि दाखवायला काही नसतं.

याकोब आपल्या पत्रात म्हणतो, लहानशी आग केवढं मोठं रान पेटवते; जीभ तशीच आग आहे. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या या शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शाहूंच्या कोल्हापुरात! ज्यांची दुकानं फुटली त्यांनी कसलाही स्टेटस ठेवला नव्हता. आता तर बाजूला उभं राहून ऐकणारे किती आहेत, हे आपल्याला मोजताही येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की कुठल्याही जातीधर्माच्या माणसांविषयी द्वेष पसरवणारा मजकूर ख्रिस्ती माणसाच्या मोबाइलवरून पुढं जाता कामा नये. ‘मी लिहिलेलं नाही, आलं तसं पाठवलं’ ही सबब चालणार नाही. माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा त्यांना न्यायाच्या दिवशी हिशोब द्यावा लागेल, असं प्रभूनं म्हटलंय. पुढं ढकललेला शब्दही आपण बोललेलाच शब्द असतो.

एक गोष्ट राहिली. बोलून गेलेल्या शब्दाचं काय करायचं? येशूनं सांगितलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण माफी मागतोही कधीकधी, पण कुठं? कोपऱ्यात घेऊन, हळू आवाजात, कुणी ऐकत नाही असं बघून. अपमान मात्र चारचौघांत केलेला असतो. माझी कळकळीची विनंती आहे, की ज्यांच्या समोर बोललो त्यांच्या समोरच माफी मागा. कामगाराला सगळ्या शॉपसमोर बोलला असाल, तर सगळ्या शॉपसमोर. सुनेला पाहुण्यांसमोर टाकून बोलला असाल, तर पुढच्या वेळी तेच पाहुणे बसलेले असताना. यात मान जातो असं वाटतं, पण ज्यांनी तुमचा राग बघितला त्यांना तुमचा पश्चात्तापही बघायला मिळायला हवा. तो त्यांचा हक्क आहे.

आणि लेकरांसमोर तर नक्कीच. आई-वडील चुकतात हे मुलांना फार आधीपासून ठाऊक असतं. चुकल्यावर काय करायचं, हे त्यांना आपल्याशिवाय कोण दाखवणार? आज संध्याकाळी जेवायला बसाल तेव्हा म्हणून बघा, ‘बाळा, सकाळी मी त्या काकांबद्दल बोललो ते बरोबर नव्हतं. उद्या मी त्यांना भेटून येतो, तूही चल.’

सलाम.