पावणेतीनची बस

(दृश्य : काळा पडदा. लांबून बसच्या इंजिनाची घरघर. मग एक कृष्णधवल छायाचित्र सावकाश उजळतं.)

रात्रीचे पावणेतीन. याला पहाटही म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वान्डेबेले भागात एका थांब्यावर दिवसातली पहिली बस येऊन उभी राहते. चढणारी माणसं कामावर निघालीत, प्रिटोरियाला.

फोटो नीट बघा. आत जेमतेम उजेड आहे. माना कलंडल्यात, अंगाला अंग टेकलंय. बस हलतेय, त्यामुळे चित्रही थोडं हललंय. संध्याकाळच्या परतीच्या बसमध्येही हीच झोप. त्या फोटोखाली फोटोग्राफरनं लिहून ठेवलंय, की यातल्या बहुतेकांचा फेरा उद्या रात्री दोन-तीनच्या सुमारास पुन्हा सुरू होईल.

आपल्याकडे कर्जत-कसाऱ्याची पहिली लोकल पकडणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. फरक आहे तो कायद्याचा. ही माणसं ज्या शहरात राबत होती, तिथं राहायचा हक्क त्यांना नव्हता. ती काळी होती, म्हणून त्यांची वस्ती सरकारनं लांब नेऊन ठेवली होती.

1983-84 मध्ये त्यांच्याबरोबर या बसमधून फिरणारा फोटोग्राफर गोरा होता. डेव्हिड गोल्डब्लाट.

(दृश्य : खाणीतून निघालेल्या मातीचे पिवळसर ढिगारे. जुन्या गावाचा रस्ता.)

जन्म 1930 चा, रँडफोंटेनचा. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खाणींवर वसलेलं हे गाव. आजी-आजोबा लिथुआनियातून आलेले ज्यू. वडिलांचं पुरुषांच्या तयार कपड्यांचं दुकान. डेव्हिडला हायस्कूलपासून मासिकांसाठी फोटो काढायचे होते, पण वडील आजारी पडले आणि मुलगा गल्ल्यावर बसला. वडील गेले 1962 मध्ये. त्यानंतर गोल्डब्लाट यांनी दुकान विकलं आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं कॅमेरा खाली ठेवला नाही.

ही दुकानातली वर्षं फुकट गेली असं मला वाटत नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना माणूस जवळून दिसतो. त्या दुकानात आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचे गोरे, शेतकरी यायचे, वर्णभेदाच्या सरकारला मतं देणारे. गोल्डब्लाट यांना त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याबद्दल जिव्हाळाही वाटायचा. ती ओढाताण त्यांच्या फोटोंत अखेरपर्यंत राहिली. दंगल, अश्रुधूर, गोळीबार टिपायला बाकीचे धावत. हे मात्र बागेतलं गवत कापणारा माणूस, चर्चची इमारत, दुकानाचा काउंटर असं काहीबाही टिपत बसायचे. वरवर अगदी साधं. थोडं थांबून पाहिलं की कळतं, अन्याय कुठल्या रोजच्या गोष्टींच्या आधारानं उभा होता. त्या सगळ्या काळात त्यांनी आपलं स्वतःचं काम कृष्णधवलच ठेवलं. रंग त्यांना त्या दिवसांसाठी फार गोड वाटायचा.

(दृश्य : न्यूटाउन, जोहान्सबर्ग. मार्केट थिएटरचा दर्शनी भाग.)

आता या इमारतीकडे या. हा जोहान्सबर्गचा जुना फळबाजार, आणि नाव ऐका : इंडियन फ्रूट मार्केट! बाजार हलला. 1976 मध्ये, सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या विद्यार्थ्यांच्या उठावाच्या वर्षी, इथं मार्केट थिएटर सुरू झालं. काळ्या-गोऱ्यांनी वेगळं बसायचं असा देशाचा नियम, आणि इथं मात्र शेजारी शेजारी खुर्च्या.

याच थिएटरच्या आसऱ्यानं 1989 मध्ये गोल्डब्लाट यांनी एक वर्ग सुरू केला. मार्केट फोटो वर्कशॉप. त्या दिवसांत काळ्या तरुणाला कॅमेरा शिकायचा म्हटलं तर जवळपास कुठलंच दार उघडं नव्हतं. ज्यांना वर्णभेदानं शिक्षणापासून लांब ठेवलं, त्यांच्यासाठी हा वर्ग होता, पण दारावर रंगाची पाटी नव्हती. कोणीही यावं.

गंमत अशी, की वर्णभेद संपला तरी वर्ग बंद पडला नाही. वस्त्यांतली मुलं येतच राहिली. शिक्षक बदलले, फिल्म जाऊन डिजिटल आलं, वर्कशॉप मार्केट थिएटर फाउंडेशनमध्ये सामील झालं. 

(दृश्य : केप टाउन विद्यापीठ. मग निगेटिव्हच्या पट्ट्या, उजेडासमोर धरलेल्या.)

अखेरच्या वर्षांतला एक वाद सांगायलाच हवा. 2016 मध्ये केप टाउन विद्यापीठात आंदोलक विद्यार्थ्यांनी तिथली चित्रं जाळली. पुढे विद्यापीठानं आणखी काही कलाकृती झाकल्या, काही काढून ठेवल्या. गोल्डब्लाट यांनी आपला संग्रह याच विद्यापीठाला द्यायचं ठरवलं होतं. या प्रकाराच्या निषेधात त्यांनी तो परत घेतला आणि अमेरिकेत येल विद्यापीठाला दिला. देशात पुष्कळ जण दुखावले. ज्यांचे चेहरे त्या फोटोंत आहेत त्यांच्या मुलांनी ते बघायला अटलांटिक ओलांडायचा का, हा प्रश्न रास्तच होता. पण त्याआधी 2011 मध्ये, माहितीवर बंधनं आणू पाहणाऱ्या विधेयकाच्या निषेधात, याच माणसानं राष्ट्रीय सन्मान नाकारला होता. एकदा नाही म्हटलं की नाही, असा स्वभाव. 25 जून 2018 रोजी जोहान्सबर्गमध्ये ते गेले. वय 87.

निगेटिव्ह येलकडे गेल्या. शाळा न्यूटाउनमध्येच आहे.

(दृश्य : वर्कशॉपमधून शिकून गेलेल्यांची कामं, एकामागून एक.)

तिथून शिकून गेलेल्यांची नावं घ्यायची तर वेळ पुरणार नाही. जोडी बीबर, ज्यांच्या फोटोला 2010 सालचं वर्ल्ड प्रेस फोटोचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. झानेले मुहोली, आपल्या समलिंगी आणि ट्रान्स समाजाची शेकडो व्यक्तिचित्रं टिपणारे कलाकार.

पण जरा थांबू या लेबोहांग खान्येपाशी.

(दृश्य : एक कौटुंबिक फोटो. त्यात एका बाईशेजारी तिचीच पुसट सावली वाटावी अशी दुसरी बाई.)

2010 मध्ये आई गेली तेव्हा लेबोहांग विशीत होती. आईचे जुने फोटो चाळताना तिच्या लक्षात आलं, की त्यातले कपडे अजून कपाटात आहेत. तोच फ्रॉक, तोच ब्लाउज. तिनं ते अंगावर चढवले. आई जिथं उभी राहिली होती ती ठिकाणं शोधली. तशीच मान, तसाच हात. मग स्वतःचा फोटो आईच्या फोटोवर हलकेच चढवला. दोघी एका चौकटीत आल्या, आई ठसठशीत आणि लेक धुक्यासारखी. या मालिकेचं सोथो भाषेतलं नाव आहे ‘के लेफा लाका’. अर्थ : हा माझा वारसा.

हे काम वर्कशॉपच्या एका फेलोशिपमधून उभं राहिलं. अशी फेलोशिप म्हणजे थोडे पैसे, विचारायला एक जाणता माणूस, आणि शेवटी प्रदर्शनासाठी भिंत. विशीतल्या फोटोग्राफरला याहून फार काही लागत नाही, आणि नेमकं तेवढंच मिळत नाही. 2024 मध्ये लेबोहांगला युरोपातलं मानाचं डॉइश बोर्से छायाचित्र पारितोषिक मिळालं.

(दृश्य : रात्रीचा रस्ता. दिव्याखाली उडणारी धूळ. खराट्याचा आवाज.)

आणि साबेलो म्लांगेनी. ड्रीफोंटेन नावाच्या खेड्यातून 2001 मध्ये जोहान्सबर्गला आलेला मुलगा. वर्कशॉपमध्ये शिकून बाहेर पडल्यावर त्यानं शहर रात्री पाहिलं. रात्री रस्ते झाडणाऱ्या बायका त्याला दिसल्या, आणि तो कित्येक महिने त्यांच्याबरोबर फिरला. त्याच्या फोटोंत त्या कधी धुळीत विरघळतात, कधी दिव्याच्या प्रकाशात नुसती आकृती उरते. मागे दुकानांची बंद शटरं, पुढे दिवसभराचा कचरा.

मालिकेचं नाव ‘अदृश्य बायका’.

(दृश्य : तोच रस्ता, उजाडताना. बस येऊन थांबते.)

सकाळी पहिल्या बसमधून माणसं उतरतात तेव्हा रस्ता लख्ख झालेला असतो. झाडणाऱ्या घरी गेलेल्या असतात.

(खराट्याचा आवाज थांबतो. पडदा काळा.)