पांढरी रेघ

नमस्कार श्रोतेहो.

नागपुरात सोनेगाव विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना विमानाच्या आवाजाचं काही नवल नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच वायुसेनानगरात आहे, त्यामुळे एखादे निवृत्त वायुसैनिक शेजारी असणं हेही इथे नवल नाही. माझ्या अशाच एका शेजाऱ्यांची गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी थोडं कामाचं बोलते.

मी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून लढाऊ विमानांच्या प्रतिकृती बनवते. ही गोष्ट मिग-21ची. प्रमाण 1:48, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 7.15 मीटर, माझ्या विमानाचे 15 सेंटीमीटर. कंपासपेटीतली पट्टी आठवा, तेवढेच. मग कॉकपिटमधली एकेक तबकडी केवढी असेल? मोहरीच्या दाण्याएवढी. त्यासाठी पातळ पितळी पत्र्यावर कोरलेले भाग वेगळे मिळतात, खुर्ची रेझिनची मिळते. रेझिनला प्लॅस्टिकचा गोंद धरत नाही, तिथे फेविक्विकच लागतं. आणि रेझिन घासायचं ते पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क बांधून; ती भुकटी छातीत जायला नको. चिमटा मी इतवारीतल्या सराफ्यातून आणला. सोनाराचा चिमटा जे धरतो, ते दुसरा कुठलाच धरत नाही.

कूलरच्या ओल्या हवेत लॅकरचा रंग पांढुरका पडतो, म्हणून रंग मारताना कूलर बंद ठेवायचा. मे महिन्यात ते जड जातं. पण एसी घ्या असं मला कुणी सांगू नये. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडल्यावर घरभर जो वास सुटतो, तो एसी कुठून आणणार? खिडक्या लावून बसायची ही नवी सवय मला मुळीच पटत नाही. असो.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: आधी कॉकपिट, मग धड. विमानाचं धड डावं-उजवं असं दोन फाकांत येतं. कॉकपिट पूर्ण रंगवून आत बसवायचं, आणि नंतरच फाका चिकटवायच्या. पुन्हा सांगते, आधी कॉकपिट, मग धड.

तर मी तेच केलं होतं. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा तो फिरोजी रंग दिला, तबकड्यांवर काचेसाठी वॉर्निशचा एकेक थेंब टाकला, खुर्चीचे पट्टे लावले. दीड महिना गेला. रात्री धड चिकटवलं आणि सकाळी शेजारच्या त्या काकांना दाखवायला घेऊन गेले. काकांनी हवाई दलात मिगवरच काम केलेलं, जमिनीवरच्या तुकडीत. त्यांनी भिंग मागितलं, विमान खिडकीशी धरलं, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, सप्पा बराबर आहे. पण पांढरी रेघ कुठी आहे?”

“कोणती रेघ, काका?”

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. समोरच्या पॅनेलवर, बरोब्बर मधोमध, एक उभी पांढरी रेघ असते. विमान गिरक्या खात खाली यायला लागलं की आकाश कुठे आणि जमीन कुठे, वैमानिकाला उमगत नाही. तेव्हा विमान चालवायचा दांडा डावी-उजवीकडे झुकू न देता त्या रेघेच्या सरळीत आणायचा. काका सांगत होते आणि त्यांची मूठ हवेत हळूहळू पुढे जात होती. “मी शेकडो वेळा त्या खुर्चीत बसलो, तपासणीसाठी. नजर पहिले तिथंच जाये. पोरं तिच्याच भरोशावर वर जात.”

मी विमान घेऊन घरी आले. गोंद एका रात्रीचाच, पुरता मुरला नव्हता. जोडावर पातळ पातं ठेवलं आणि केसाकेसाने सरकवत गेले. संध्याकाळी काका स्वतःच आले, टॉर्च धरून बाजूला बसले. शेपटीजवळ एकदा कट्कन वाजलं, तेव्हा आम्ही दोघांनीही श्वास धरला. सात वाजता धड उघडलं.

ब्रशने रेघ जाड येत होती. शेवटी जुन्या डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या चित्रपट्टीच्या, कोऱ्या पांढऱ्या भागातून केसाएवढी पट्टी कापली, पाण्यात सोडली, चिमट्याने बसवली. काकांनी भिंगातून पाहिलं आणि नुसती मान हलवली. मग विचारलं, “नाकात वजन टाकलं का?” नाही टाकलं तर मिगची प्रतिकृती शेपटीवर बसते. धड उघडंच होतं, सायकलच्या बेअरिंगचे छर्रे नाकात भरून टाकले.

मिग-21 हवाई दलात 1963 साली आलं. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. त्या दिवशी काका आमच्याकडे आले आणि कपाटातलं विमान त्यांनी काढायला लावलं. कॉकपिटचं झाकण मी बंद ठेवलं होतं. “उघडं ठेवा ताई. हे उजवीकडे उघडते, वैमानिक डावीकडून चढते. शिडी पण डावीकडेच लागते.”

पितळी पत्र्यातले भाग काढून घेतल्यावर चौकटीच्या पट्ट्या उरल्या होत्या, त्यांचीच शिडी केली. आता ती डाव्या बाजूला टेकवलेली आहे, झाकण उघडं आहे, आणि टॉर्च मारला की आतली रेघ दिसते.