फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘सुचतं कुठून? सिनेमातून की जगण्यातून?’ तिकडे मी येणारच आहे. पण आधी वाटाण्याबद्दल बोलू द्या. ते फार दिवस मनात आहे, आणि तुमच्यासारखे ऐकणारे रोज भेटत नाहीत.

दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पडद्यावर ख्रिस्त आणि यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच ते लिहिलंय. इथून आपण उडी मारतो ती थेट 3 मे 1913 ला, कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला. मधलं सगळं गाळून! माझी तक्रार आहे ती या गाळण्याबद्दल.

मध्ये काय झालं? 1912 मध्ये ते लंडनला जाऊन आले, विल्यमसन कॅमेऱ्याची सोय केली. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकलेली. आता चित्रपटाला भांडवल हवं, आणि भांडवलवाल्याला दाखवायला हातात काहीच नाही. अयोध्या उभी करायची तर माणसं, कपडे, जागा लागते. मग या माणसाने काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला आणि थांबून थांबून एकेक चौकट टिपत राहिला, महिनाभराहून जास्त. ती फीत चालवली की मिनिटभरात कोंब मान वर काढतो, पानं उलगडतात, वेल चढू लागतो. ‘अंकुराची वाढ’! ती बघून पैसे देणारे तयार झाले.

जरा इथेच थांबू. वाटाणा म्हणजे रोज उसळीत पडणारा दाणा. त्यात चमत्कार आहे हे यांना कसं दिसलं? फाळके छायाचित्रकार होते, छपाईतले जाणकार होते, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करायचे. रस्त्यावरचा जादूगार टोपलीखाली कोय ठेवून आंब्याचं रोप काढून दाखवतो, आठवतंय ना? मला नेहमी वाटतं, ही फीत त्याच खेळाची बहीण आहे. फरक एवढाच, की इथे टोपली नाही. सगळं उघड्यावर, तरीही माणूस थक्क. हा माझा अंदाज आहे, पण मला तो फार प्रिय आहे.

आणि तारामती! बाई मिळेना. नाटकवाल्या नाहीत, कोणीच नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात सापडली, स्वयंपाक करणाऱ्या साळुंकेंच्या रूपात. नाजूक बांधा, नाजूक हात. तिथे चहा प्यायला किती लोक येत असतील, पण ते हात बघितले एकाने. याच साळुंकेंनी पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही केले. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा, बरोबर!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं.

तर मूळ मुद्दा. सिनेमा तुम्हाला भूक लावतो. शिधा मात्र आपल्या भोवतीच असतो. ख्रिस्तपटाने फाळक्यांना ‘हे करायचंच’ असं पेटवलं, पण हातात आले ते वाटाणा आणि हॉटेलातला आचारी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचंही तेच. नाटकाचे पडदे रंगवणारा हात, त्यांनी स्वतः कॅमेरा घडवला. आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ केला तेव्हा समोर होता सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी, गिरणीत मजुरीला निघालेला. त्या काळी पडद्यावर देवादिकांची गर्दी असताना!

आज मुलं दहा क्लिपा मोबाइलवर घेऊन येतात, ‘सर, असा शॉट हवाय.’ मला वाईट वाटतं. त्यांना नजर आहे, पण ती सतत दुसऱ्याच्या पडद्यावर खिळलेली. रविवारी ज्यांना माझ्याकडे यायचंय, त्यांनी क्लिपा आणू नयेत. घराजवळच्या एखाद्या दुकानात अर्धा तास बसावं, चक्की असो, इस्त्रीवाला असो, आणि तिथले हात काय करतात तेवढं लिहून आणावं. आपण त्यावरच काम करू. आता प्रश्न घ्या, मागच्या रांगेतून आधी.